परसातले मेलेले झाड

न्यू जर्सीत घर घेताना आपल्या मंडळींना मागच्या अंगणातील उंच झाडांचे फार अप्रूप वाटते. पुण्या-मुंबईच्या ब्लॉकमध्ये कुंडीतल्या तुळशीवर समाधान मानलेला माणूस एकदम साठ फुटी झाडाचा मालक होतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण झाड आपले म्हणजे ते मेल्यावर त्याची उत्तरक्रियाही आपल्याच गळ्यात, हे खरेदीच्या कागदांवर सह्या करताना कोणाच्या ध्यानात येत नाही. गेल्या काही वर्षांत ही वेळ आपल्यापैकी पुष्कळांवर आली आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे ॲश नावाच्या झाडावर आलेले संकट.

ॲश म्हणजे बेसबॉलच्या बॅटीसाठी प्रसिद्ध असलेले सरळसोट झाड. त्याच्या फांद्या जोडीजोडीने समोरासमोर फुटतात, एकेका पानाला पाच ते नऊ पर्णिका असतात आणि मोठ्या झाडाच्या सालीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी उमटलेली दिसते. या झाडाला खाणारा एक चकचकीत हिरवा भुंगा आशियातून आला. अमेरिकेत तो प्रथम २००२ साली मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ सापडला. पुढे २०१४ च्या मे महिन्यात तो न्यू जर्सीत प्रकट झाला, तो नेमका सॉमरसेट काउंटीतील ब्रिजवॉटरमध्ये, म्हणजे बालाजीच्या दर्शनाला आपण जातो त्या गावात. एमराल्ड ॲश बोरर हे त्याचे नाव. भुंगा पाने खातो, त्याचे फारसे बिघडत नाही. खरा घात करते ती त्याची अळी. सालीखाली नागमोडी बोगदे कोरून ती झाडाचे अन्नपाणी तोडते. झाड शेंड्याकडून वाळू लागते आणि साधारण दोन ते पाच वर्षांत मरते. खोडावर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोके दिसली, सुतार पक्ष्यांनी साल सोलून खोड पिवळटसर केले, की समजावे पाहुणा घरात शिरला आहे.

आता अशा वाळलेल्या झाडाचे करायचे काय? झाड पाडणाऱ्या कंपनीला बोलवावे तर ती दोन-तीन हजार डॉलरचा आकडा सांगते. दुसरीकडे दुकानात तीन-चारशे डॉलरला चेनसॉ मिळतो. मोटार चालवायला लायसन लागते, केस कापण्याचा धंदा करायलाही या राज्यात लायसन लागते. चेनसॉ विकत घेताना मात्र कोणी काही विचारीत नाही. पैसे मोजा आणि घरी न्या. मग हिशेब जुळतो. शनिवारी सकाळी मित्राला फोन जातो, ‘येतोस का रे, दोघे मिळून एक झाड पाडून टाकू.’ घरातून आवाज येतो, ‘अहो, राहू द्या ना, माणसे बोलवा.’ त्यावर उत्तर तयार असते, ‘अगं, व्हिडिओ बघितलाय मी. सोप्पं असतं.’

हा लेख त्या शनिवारच्या आधीच्या शुक्रवारी वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

आपल्या गावाकडे झाड पाडणे हे माहितगार गड्यांचे काम. ते कुऱ्हाड आणि दोर घेऊन येत, मालक ओटीवर बसून बघे. फार तर चहा पाठवी. कुऱ्हाडीचे एक बरे असते, ती हळू चालते. घाव घालता घालता झाड काय म्हणते ते ऐकायला, वर बघायला, थांबायला वेळ मिळतो. ज्या खोडाला कुऱ्हाडीने तास-दीड तास लागेल, ते चेनसॉ दोन-चार मिनिटांत कापतो. श्रम वाचतात हे खरे. पण त्या तासाभरात गडी जे शहाणपण वापरीत, ते आता दोन मिनिटांत वापरावे लागते, आणि आपण तर ते मुळात शिकलेलोच नसतो.

या यंत्राचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी जी पहिली साखळी-करवत बनवली, तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. वजन पुढे उतरत गेले, पण साखळीचे दात लाकडात अडकत, पुन्हा पुन्हा बोथट होत. यावर उपाय सापडला तो जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला. १९४६ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात काम करताना एका बुंध्यात त्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती आडव्या-उभ्या धाग्यांची पर्वा न करता डावीउजवीकडे तोंड फिरवीत लाकूड सपासप कुरतडत होती. कॉक्सने तिच्या जबड्याची नक्कल करून साखळीचा दात घडवला आणि १९४७ मध्ये ती साखळी विकायला काढली. आजच्या बहुतेक साऱ्या चेनसॉंचे दात त्याच वळणाचे आहेत. एका अळीने झाड मारायचे आणि दुसऱ्या अळीकडून शिकलेल्या दाताने ते कापायचे, असा हा योग आहे.

चेनसॉची भीती वाटते ती त्या धावत्या दातांची. ती रास्तच आहे. साखळी ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. त्यातही सर्वांत वाईट जागा म्हणजे पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा. तो चालू असताना कशालाही टेकला, मग ते लाकूड असो, फांदी असो वा कुंपण, की सबंध करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे येते. माणसाला ‘अरे’ म्हणायलाही उसंत मिळत नाही. यासाठी पुढच्या दांड्यासमोर साखळीचा ब्रेक असतो. उसळीबरोबर तो लागतो आणि साखळी थांबते. पण तो लागण्यासाठी करवत दोन्ही हातांत हवी. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळलेला हवा. डावखुऱ्यांनीही हात बदलू नयेत, कारण यंत्राची सारी रचना उजव्या हाताला धरून केलेली आहे. खांद्याच्या वर करवत नेऊ नये. शिडीवर चढून तर मुळीच चालवू नये. शिडी ज्या फांदीला टेकवली तीच फांदी कापणारे महाभाग दर वादळानंतर निघतात, म्हणून हे सांगावे लागते.

कपड्यांबद्दल थोडेसे. लेंगा किंवा शॉर्ट आणि पायात सपाता हा पोशाख रविवारच्या सकाळी चहा पिण्यापुरता ठीक आहे. चेनसॉसाठी शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, तोंडावर जाळी, कानांवर झाकणे, जाड बूट, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत बांधायचे चॅप्स हवेत. या चॅप्सच्या आत लांब, चिवट तंतूंचे थर असतात. साखळी त्यांना लागताच तंतू ओढले जाऊन यंत्राच्या चक्रात गुंततात आणि ते जाम होते. मांडी चिरण्याऐवजी कापड फाटते. मात्र बऱ्याच चॅप्सच्या लेबलवर ते विजेच्या किंवा बॅटरीच्या करवतीसाठी नाहीत असे छापलेले असते, ते वाचून घ्यावे. बॅटरीची करवत आवाज कमी करते म्हणून ती खेळणे वाटते, पण दात तिलाही तेच असतात. पेट्रोलची करवत सुरू करताना ब्रेक लावून ती जमिनीवर ठेवावी, मागच्या दांड्यात उजव्या बुटाचे टोक घालून दाबून धरावी आणि मग दोरी ओढावी. हवेत लोंबकळती धरून झटका मारणे चित्रपटात शोभते.

इतके केले म्हणजे करवतीची बाजू सांभाळली गेली. मात्र झाड पाडताना सर्वांत मोठा धोका करवतीचा नसतोच, तो झाडाचा असतो. चेनसॉच्या पुस्तिकेत करवतीबद्दल चाळीस पाने असतात आणि झाडाबद्दल चार, म्हणून हा गैरसमज पसरला आहे.

झाड कसे पडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. खोड एका बाजूने कापत सुटले की झाड पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पडते हे खरे, पण कुठे पडेल ते झाड ठरवते. जाणकार माणूस आधी पडण्याच्या दिशेला खोडात कलिंगडाच्या फोडीसारखी खाच घेतो. या खाचेची खोली खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असते. मग तो मागच्या बाजूने, खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीवर किंवा किंचित वर, आडवा काप घेत पुढे येतो, पण खाचेपर्यंत पोहोचत नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता राखून ठेवतो. हीच झाडाची बिजागरी. दार जसे बिजागरीवर फिरते तसे झाड या पट्टीवर वळते आणि तिने धरून ठेवल्यामुळे ठरल्या दिशेला, सावकाश कलत जाते. पट्टीची जाडी खोडाच्या दहाव्या हिश्श्याइतकी असावी आणि लांबी पाऊण हिश्श्याहून थोडी जास्त. म्हणजे पंधरा इंची खोड असेल तर खाच तीन-साडेतीन इंच खोल, आणि मागे राखलेली पट्टी दीड इंच जाड व बाराएक इंच लांब. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाली तर झाड जाड बाजूकडे ओढले जाते. सबंध कापून टाकली तर झाडाला धरणारे काही उरत नाही आणि ते बुंध्यावर मोकळे होते. मग ते कोणत्याही बाजूला जाईल, कदाचित आपल्याच.

खाचेचे तोंड किती उघडे ठेवावे यालाही महत्त्व आहे. तोंड अरुंद असले तर झाड अर्धे कलते न कलते तोच खाच मिटते आणि बिजागरी मोडते. उरलेला अर्धा प्रवास ते बेलगाम करते. म्हणून अलीकडे सत्तर अंशांपर्यंत किंवा त्याहूनही उघडी खाच घ्यायला शिकवतात. मागचा काप मिटू नये म्हणून त्यात पाचर ठोकतात. ही पाचर प्लॅस्टिकची घ्यावी, कारण लोखंडाला साखळी लागली तर दोन्हींचे नुकसान. थोडक्यात, झाड पाडण्याची कला किती कापले यात नसून काय कापायचे राखले यात आहे. हे वाक्य आम्ही ठळक टाइपात छापले असते, पण आमच्या पानाला तेवढी जागा नसते.

कापायला सुरुवात करण्याआधी मागे, पडण्याच्या दिशेपासून तिरकस, अशी पळवाट मोकळी करून ठेवायची असते. झाड हलले की करवत बंद करून किंवा ब्रेक लावून त्या वाटेने चालू लागायचे. बघत उभे राहायचे नाही. पडताना झाडाचा बुंधा मागे सरकतो, उसळतो, वरून फांद्या तुटून येतात, आणि बहुतेक अपघात बुंध्यापासून चार पावलांत त्या पहिल्या क्षणांतच होतात. वर अडकून राहिलेल्या सुक्या फांद्यांना इथले लाकूडतोडे ‘विडोमेकर’ म्हणतात, म्हणजे बायकोला विधवा करणारी. नाव क्रूर आहे, पण ज्या धंद्यात मृत्यूचे प्रमाण अमेरिकेतील सर्व धंद्यांत वरच्या क्रमांकावर असते, त्याला ते शोभते.

आता उंचीचा हिशेब. आपल्या हाताइतक्या लांबीची काठी, म्हणजे डोळ्यापासून मुठीपर्यंत भरेल एवढी, समोर हात ताठ करून उभी धरावी आणि मागे मागे जावे. काठीने झाड बुडापासून शेंड्यापर्यंत झाकले की जिथे उभे असू तिथपासून झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची. कामगारांच्या सुरक्षिततेचा इथला सरकारी नियम असा की इतरांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर राहावे. साठ फुटी झाड असेल तर एकशेवीस फूट. पाव एकराचे अख्खे आवार, घर धरून, जेमतेम शंभर फूट बाय शंभर-नऊ फूट भरते. म्हणजे आपल्या स्वतःच्या जमिनीवर सुरक्षित उभे राहायला जागाच नाही. मग तो मदतीला आलेला मित्र, त्याची मुले, डेकवर चहा घेऊन उभ्या असलेल्या वहिनी आणि फोन उंच धरून चित्रण करणारे चिरंजीव यांनी थांबायचे कुठे? आपल्याकडे झाड पाडायचे म्हटले की गणपतीच्या विसर्जनाला जमावी तशी गर्दी जमते. तिला रस्त्यापलीकडे नेऊन उभे करणे हेच पहिले काम.

आणि हे सगळे नियम धडधाकट झाडाचे झाले. भुंग्याने मारलेल्या ॲशला ते लागू पडत नाहीत, हा आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे. बिजागरी वाकते कारण ओल्या लाकडाचे धागे चिवट असतात. मेलेला ॲश फार लवकर सुकतो आणि ठिसूळ होतो. त्याची बिजागरी वाकण्याऐवजी काडीसारखी कडकन मोडते. करवतीच्या नुसत्या थरथरीने वरचा शेंडा खाली येऊ शकतो. बरे, ॲशची खोडी नुसती मेल्यावरची नाही. त्याचे धागे इतके सरळ असतात की कललेले झाड मागून कापताना कधी कधी काप पुरा होण्याआधीच खोड उभे चिरते, मागची फळी उसळून वर जाते आणि झाड त्या उंचीवरून पडते. याला इथे ‘न्हाव्याची खुर्ची’ म्हणतात. त्या खुर्चीत बसलेला माणूस सहसा उठत नाही. धंद्यातले मुरलेले लोकसुद्धा मेलेल्या ॲशवर चढायला नकार देतात, बाहेरून क्रेन किंवा पाळणा लावून तो उतरवतात. त्यांनी सांगितलेला आकडा मोठा असतो तो यामुळे. झाड जितके जास्त दिवस मेलेले, तितका आकडा मोठा. म्हणून ‘बघू पुढच्या उन्हाळ्यात’ हे धोरण इथे महागात पडते. उलट, झाडाचा पर्णसंभार अजून दोन-तृतीयांशाहून अधिक शाबूत असेल तर खोडात औषध टोचून ते वाचवताही येते. इमामेक्टिन बेन्झोएट हे ते औषध. दोन-तीन वर्षांनी पुन्हा टोचावे लागते. तो खर्च आणि पाडण्याचा खर्च ताडून पाहावा.

वादळात पडलेल्या झाडांविषयीही लिहिले पाहिजे. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आले, २०२० च्या ऑगस्टमध्ये इसायास आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीतून करवतींची घरघर ऐकू येत होती. झाड आडवे झाले म्हणजे धोका संपला असे वाटते. तसे नसते. दोन ठिकाणी टेकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली असते आणि दुसरी ताणलेली. दाबलेल्या बाजूने खोल कापले तर करवत चिमटते, ताणलेल्या बाजूने एकदम कापले तर लाकूड धनुष्यासारखे उसळते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापल्यावर तो मातीचा मोठा गड्डा खड्ड्यात पुन्हा उभा राहू शकतो. अशा खड्ड्यात मुलांना कधीही खेळू देऊ नये. झाडात विजेची तार गुंतलेली असेल तर ती जिवंतच आहे असे धरून चालावे, वीज कंपनीला कळवावे आणि हात खिशात ठेवावेत. एक झाड दुसऱ्या झाडात अडकून राहिले असेल तरीही तेच.

तर मग आपण काहीच करू नये का? तसे आम्ही म्हणत नाही. आधीच जमिनीवर आलेल्या, स्थिर पडलेल्या फांद्या कापणे, हाताच्या मनगटाएवढी रोपटी काढणे, मोकळ्या जागी सरळ उभे, जिवंत, पाच-सहा इंची झाड पाडणे, ही शिकून घेतलेल्या माणसाच्या आवाक्यातील कामे आहेत. शिकून घेतलेल्या हा शब्द महत्त्वाचा. स्वीडनचे सोरेन एरिक्सन यांनी सुरू केलेले ‘गेम ऑफ लॉगिंग’ नावाचे प्रशिक्षण इथे ईशान्येकडील राज्यांत ठिकठिकाणी चालते. त्यात प्रत्यक्ष जंगलात उभे करून बिजागरी राखायला शिकवतात. मुलांच्या पियानोच्या शिकवणीला आपण वर्षानुवर्षे पैसे भरतो, एक दिवस स्वतःसाठी भरायला हरकत नसावी.

माणसे बोलवायची ठरली तरी डोळे उघडे ठेवावेत. न्यू जर्सीत २०१० साली झालेल्या कायद्याप्रमाणे झाडांचा धंदा करणाऱ्यांना राज्याच्या ट्री एक्स्पर्ट्स मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा नंबर विचारावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विम्याचे प्रमाणपत्र, तेही त्यांच्या विमा कंपनीकडून थेट मागवावे. कामगारांचा विमा नसेल आणि आपल्या अंगणात माणूस जखमी झाला तर ते प्रकरण आपल्या दारात येऊ शकते. वादळानंतर दार ठोठावून ‘आत्ताच रोख द्या, अर्ध्या किमतीत करतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. घराच्या विम्यावरही फार भिस्त ठेवू नये. झाड घरावर पडले तर विमा सहसा भरपाई देतो, पण उभे मेलेले झाड काढायला पैसे देत नाही. टाऊनशिपच्या कचेरीत परवान्याची चौकशी आधी करावी. मेलेल्या झाडाला बहुधा सूट असते, पण ते मेलेले आहे याचा फोटो किंवा दाखला मागतात.

झाड पडल्यावर लाकडाचा प्रश्न राहतो. ॲशचे लाकूड शेकोटीला उत्तम, कुऱ्हाडीने सहज फुटते, आणि कंपनीला ते तिथेच टाकून जायला सांगितले तर बिलही थोडे कमी होते. ते ओंडके वर्षभर रचून ठेवून खुशाल जाळावेत. फक्त पोकोनोजला सुटीसाठी जाताना ते गाडीत टाकून नेऊ नयेत. सालीखालच्या अळ्या त्याच गाडीतून नव्या रानात पोहोचतात. केंद्र सरकारने या भुंग्यापुरते वाहतुकीचे निर्बंध २०२१ मध्ये उठवले असले तरी तिथे अजून काही ॲश जिवंत आहेत. सरपण तिथेच विकत मिळते.